आत्मनिष्ठा आणि परभाषा : राजुऱ्याच्या भूमीवरून एक विचार

१

'आत्मनिष्ठा' हा शब्द मराठी समीक्षेत आता इतका रुळला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. एखाद्या लेखकाने रूढ संकेत झुगारले, प्रस्थापितांची पर्वा केली नाही, स्वतःला जे जाणवले तेच लिहिले, की आपण त्याला आत्मनिष्ठ म्हणतो. जीवनाच्या बाबतीतही हाच न्याय लावला जातो. माणसावर समाजाचे, सत्तेचे, लोकलज्जेचे जे दडपण असते ते दूर करावे, म्हणजे खाली त्याचे खरे स्वरूप शिल्लक राहील, आणि त्या स्वरूपाप्रमाणे जगणे म्हणजेच खरे जगणे, अशी ही समजूत आहे. तिच्या मुळाशी एक रूपक दडलेले आहे : वरची साल सोलली की आतला गर हाती येतो.

हे रूपक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी नेहमीची पुण्या-मुंबईची उदाहरणे न घेता मराठीच्या पूर्व सीमेवरील राजुरा या तालुक्याचे उदाहरण घेतले आहे. ही निवड स्थानिक अभिमानापोटी केलेली नाही. बाह्य दडपण कोणते आणि आपले स्वतःचे कोणते, हा प्रश्न ज्या भूमीवर गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा उभा राहिला, अशी दुसरी भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. मराठीत आत्मनिष्ठेला समीक्षेच्या परिभाषेत निश्चित स्थान मिळवून दिले ते बा. सी. मर्ढेकर यांनी. 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) या पुस्तकात त्यांनी 'लेखनगर्भ आत्मनिष्ठा' अशी संज्ञा योजिली. या संज्ञेतील 'लेखनगर्भ' हे विशेषण आपण बहुधा विसरतो, आणि तिचे मर्म तर त्या विशेषणातच आहे. लेखक व्यवहारात सत्यवचनी आहे की नाही, त्याच्या भावना खऱ्या आहेत की नाहीत, हा येथे प्रश्न नाही. लेखन घडत असताना, त्या लेखनाच्या पोटातच, लेखक आपल्या अनुभवाशी इमान राखतो की नाही, हा प्रश्न आहे. प्रामाणिक माणूस अप्रामाणिक कविता लिहू शकतो. किंबहुना वाईट कवितांपैकी बहुसंख्य कविता प्रामाणिक माणसांनीच लिहिलेल्या असतात.

पाश्चात्त्य विचारातही असाच एक भेद आढळतो. लायोनेल ट्रिलिंग यांनी १९७० साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९७२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत प्रामाणिकपणा व अस्सलपणा या दोन कल्पनांचा इतिहास मांडला. पहिली कल्पना बोलणे व वाटणे यांच्या मेळापुरती मर्यादित आहे, तर दुसरी माणसाच्या असण्याचाच प्रश्न उपस्थित करते. त्यापूर्वी १९२७ मध्ये हायडेगर यांनी 'लोक म्हणतात म्हणून' जगणे आणि स्वतःचे म्हणून जगणे यांत भेद केला होता. परंतु या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : ज्या भाषेत माणूस हा विचार करतो, ती भाषा त्याची स्वतःचीच आहे. ज्याच्या घरची भाषा एक, शाळेची दुसरी, कचेरीची तिसरी आणि देवाची चौथी, त्याने आत्मनिष्ठ राहावयाचे म्हणजे कोणत्या भाषेतील आत्म्याशी निष्ठा राखावयाची? राजुऱ्याच्या माणसाच्या वाट्याला हा प्रश्न रोजच्या व्यवहारातच आलेला आहे.

३

वर्धा नदीच्या उत्तरेस चांदा व बल्लारपूर, तर दक्षिणेस राजुरा. १९४८ पर्यंत ही नदी दोन राज्यांमधील सीमा होती. अलीकडे मध्यप्रांत, पलीकडे निजामाचे हैदराबाद. राजुरा त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि आज स्वतंत्र तालुके असलेले कोरपना व जिवती हे प्रदेश राजुऱ्यातच होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी सत्ता संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आदिलाबादपासून तुटून नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. माणसे जागची हलली नाहीत. त्यांच्यावरील नावे तेवढी बदलत गेली.

निजामी अमलात कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूलाच माध्यम म्हणून स्वीकारले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे; परंतु संस्थानातील मराठी, तेलुगू व कानडी भाषिकांच्या दृष्टीने ती देशी भाषाही परकीच होती. मराठी माणसाने आपल्या भाषेसाठी त्या राज्यात जी खटपट केली, तिचे वर्णन आपण मुक्तीची कथा म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे.

मात्र या कथेचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. राजुऱ्याच्या डोंगराळ भागात गोंड व कोलाम राहतात. गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषा. त्यांच्या दृष्टीने १९५६ मध्ये काय घडले? उर्दूच्या जागी मराठी आली. दडपण दूर झाले ते आमच्यावरचे. त्यांच्या बाबतीत दडपणाने केवळ भाषा बदलली. येथे इतिहासाने एक मार्मिक योग घडवून आणला आहे. राज्यपुनर्रचनेसाठी १९५६ मध्ये संविधानात जी सातवी दुरुस्ती झाली, तिनेच अनुच्छेद ३५० क समाविष्ट केला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. ज्या दुरुस्तीने राजुरा मराठी राज्यात आणला, तिनेच राजुऱ्यातील गोंडी मुलाच्या भाषेचे उत्तरदायित्व मराठी राज्यावर टाकले. पहिले कलम आम्ही उत्सवपूर्वक आठवतो. दुसरे आठवत नाही.

४

गोंडी मुलाला गोंडीतून शिकविण्याचा प्रयोग याच आदिलाबाद जिल्ह्यात त्यापूर्वी होऊन गेला होता. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम व त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन व जंगल यांवरील हक्कासाठी गोंडांनी केलेला हा उठाव होता. त्यानंतर गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञावर सोपविले. दुसऱ्या महायुद्धामुळे तो स्वतः शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत अडकून पडला होता. मार्लवाई या गोंड खेड्यात राहून त्याने अभ्यास केला, आणि १९४३ मध्ये तेथेच गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी वाचनपुस्तके तयार करण्यात आली. त्यांची लिपी देवनागरी होती. कारण त्या भागातील गोंडांचा मराठीशी परिचय होता.

हा प्रयोग स्तुत्य होता. परंतु समीक्षकाने स्तुत्य गोष्टींनाही प्रश्न विचारले पाहिजेत. त्याच काळात आदिवासींच्या भवितव्याविषयी विद्वानांत एक मोठा वाद चालू होता. व्हेरिअर एल्विन यांनी 'द बैगा' (१९३९) या ग्रंथात आदिवासींसाठी राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव प्रदेश सुचविला, तर मुंबई विद्यापीठातील गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना 'मागास हिंदू' म्हणून त्यांच्या समावेशनाचा पक्ष घेतला. पहिला पक्ष म्हणे, बाहेरचे वारे लागू देऊ नका म्हणजे ते खरे राहतील. दुसरा म्हणे, ते वेगळे नाहीतच. त्यांना आत घ्या म्हणजे ते खरे होतील. दोन्ही पक्षांत करुणा होती आणि विद्वत्ताही होती. परंतु खरे म्हणजे काय, हे दोन्ही पक्षांनी परस्पर ठरविले होते. आत्मनिष्ठेचा निवाडा ज्याचा त्याने करावयाचा सोडून दुसऱ्याने करून दिला, म्हणजे तो निवाडा कितीही सहृदय असला तरी बाह्य दडपणाचाच एक प्रकार ठरतो. सत्तेचे दडपण ओळखता येते. हितचिंतकाचे दडपण ओळखणे त्याहून कठीण असते.

लिपीची कथाही अशीच बोधप्रद आहे. गोंडीला स्वतःची लिपी नाही, असे गृहीत धरून ती देवनागरीत लिहिली गेली. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी आदिलाबाद जिल्ह्यातीलच गुंजाळा या गावातील जुनी गोंडी हस्तलिखिते अभ्यासकांच्या दृष्टीस पडली, आणि २०१८ मध्ये त्या लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाला. ज्या जिल्ह्यात लिपी नाही म्हणून लिपी दिली, त्याच जिल्ह्यात ती कोणाच्या तरी घरी जपून ठेवलेली होती. 'नाही' असे ठरविण्याची घाई ही बाहेरून पाहणाऱ्याची नेहमीची व्याधी आहे.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, उर्दू दूर करावी, मग मराठी दूर करावी, म्हणजे तळाशी शुद्ध गोंडी मिळेल, आणि तीच तेथील माणसाची आत्मनिष्ठ वाणी. म्हणजे आपण पुन्हा साल आणि गराच्या रूपकाकडेच आलो. या रूपकाला निर्णायक धक्का देणारा पुरावा मात्र त्याच डोंगरांत आहे.

गोंडांच्या कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या व वीरांच्या कथा जतन करण्याचे काम परधान या समाजाकडे परंपरेने आलेले आहे. विशिष्ट परधान घराणे विशिष्ट गोंड घराण्यांशी पिढ्यानपिढ्या बांधलेले असते. कुळदेवतेच्या, म्हणजे पेरसा पेनच्या, पूजाप्रसंगी किकरी या तंतुवाद्याच्या साथीवर परधान ती कथा गातो. हे गायन मनोरंजनासाठी नसते. ते विधीचेच अंग असते. चार, पाच, सहा व सात भावांच्या सगांची व्यवस्था, पहांदी कुपार लिंगाल या संस्कृतिवीराचे चरित्र, हे सर्व गोंड समाजाचे आत्मज्ञान परधानाच्या कंठात साठविलेले आहे. आणि हायमेनडॉर्फ यांनी नोंदविल्याप्रमाणे आदिलाबादच्या या परधानांची घरची भाषा मराठी आहे. ते आपसांत मराठी बोलतात आणि कथा गोंडीत गातात.

ही वस्तुस्थिती आपल्या रूढ कल्पनांना पूर्णपणे अडचणीत आणणारी आहे. गोंडांचे सर्वांत आतले, सर्वांत पवित्र असे जे काही, ते ज्याच्या मुखी आहे त्याच्या चुलीपाशी मराठी बोलली जाते. साल सोलीत गेलो तर पहिल्याच फटक्यात परधान बाहेर फेकला जाईल, आणि त्याच्याबरोबर गोंडांची स्मृतीही जाईल. त्याचे गायन खोटे आहे काय? ते ऐकणाऱ्या कुळाला तसे वाटत नाही. त्याची निष्ठा भाषेच्या जन्मदाखल्यात नाही. ज्यांच्यासमोर तो गातो त्यांच्याशी असलेल्या बांधिलकीत आणि गायनाच्या त्या क्षणी कथेशी राखलेल्या इमानात ती आहे. मर्ढेकरांचे विशेषण थोडे बदलून तिला 'गायनगर्भ आत्मनिष्ठा' असे म्हणण्यास हरकत नसावी.

मराठीचा स्वतःचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांनी दिलेले काही प्रतिशब्द भाषेने स्वीकारले आणि पुष्कळसे सोडून दिले. आजही आपण 'तालुका' आणि 'जिल्हा' म्हणतो, आणि त्या अरबी शब्दांनी आपल्या मराठीपणास बाध आला असे कोणास वाटत नाही. स्वतः मर्ढेकरांनी इंग्रजी शब्द निःसंकोचपणे कवितेत घेतले. परशब्द घेतल्याने लेखन परके होत नाही. तो शब्द कोणी घेतला, की कोणावर लादला गेला, यावर सारे अवलंबून असते.

६

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. परधानाच्या उदाहरणाचा आधार घेऊन उद्या कोणी म्हणेल की, मराठी ही गोंडांना परकी नाहीच. मग शाळा मराठीच असली तर बिघडले कोठे? अशा युक्तिवादाने मिश्रणाचे समर्थन हे वर्चस्वाचे समर्थन होऊन बसेल.

हा आक्षेप टाळता येण्यासाठी आत्मनिष्ठेची कसोटी अधिक नेमकी केली पाहिजे. माझ्या मते ती कसोटी उगमाची नाही. नकाराच्या अधिकाराची आहे. परधान मराठी बोलतो, परंतु गोंडीत गाण्यापासून त्याला कोणी अडवीत नाही. उलट त्याच्या समाजातील स्थान त्या गोंडीवरच उभे आहे. शाळेत जाणाऱ्या गोंडी मुलाला मात्र हा अधिकार नाही. तेथे मराठी नाकारणे म्हणजे शिक्षणच नाकारणे होय. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरविली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा, शक्य तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे सांगतो. आणि तरीही मातृभाषेची शाळाच नियमबाह्य ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषिकांची संख्या सुमारे ३० लाख आहे. प्रश्न अल्पसंख्येचा आहे असे म्हणून तो बाजूस सारता येत नाही.

जिवती तालुक्यातील सीमेवरच्या १४ गावांची स्थिती या दृष्टीने उद्बोधक आहे. महाराष्ट्र आणि तेलंगण (पूर्वीचे आंध्र प्रदेश) या दोन्ही राज्यांनी त्यांवर हक्क सांगितला. परिणामी तेथे दीर्घकाळ दोन राज्यांच्या शाळा, दोन मतदार याद्या, दोन शिधापत्रिका असा संसार चालत आला. बाहेरच्या माणसाला ही ओढाताण वाटते, आणि ती आहेही. परंतु दोन दावेदारांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला निवडीची थोडी मोकळीक मिळते, हेही खरे. मोकळीक मिळण्यासाठी माणसाला दोन राज्यांच्या भांडणाची वाट पाहावी लागावी, ही खेदाची गोष्ट होय.

७

आता साहित्याकडे वळू. आदिवासी कवींच्या मराठी कवितेकडे आपण कोणत्या अपेक्षेने पाहतो? वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' १९८७ मध्ये आणि भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आता सर्वपरिचित आहे. आमचे दुःख आम्हालाच सांगणारे व्यासपीठावर बसले आणि आम्ही मात्र खालीच राहिलो, हा तिचा आशय. एल्विन व घुर्ये यांच्या वादाविषयी वर जे म्हटले, ते या कवितेने कोणत्याही परिभाषेवाचून सांगितले आहे.

मेश्राम यांच्या संग्रहाचे नाव अधिक विचार करण्याजोगे आहे. कवी विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याचा, कविता मराठी, आणि शीर्षक छोटानागपुरातील मुंडांच्या भाषेतून घेतलेले. १८९९-१९०० मधील बिरसा मुंडा यांच्या उठावाला हे नाव होते. 'शुद्ध' आत्मनिष्ठेच्या पुरस्कर्त्याला हे शीर्षक उसनेच वाटेल. परंतु कवीने दूरच्या डोंगरातील शब्द स्वतःच्या निवडीने आणून मराठीच्या दारावर लावला, यातच त्याची आत्मनिष्ठा आहे. आपले कोण, हे त्याने स्वतः ठरविले. ते भाषाकुळाने किंवा प्रांताच्या सीमेने ठरू दिले नाही.

आमच्या समीक्षेची अडचण अशी की, तिला आदिवासी कवीकडून ठरावीक गोष्टी हव्या असतात : जंगल हवे, ढोल हवा, संताप हवा, आणि भाषा ओबडधोबड हवी. तो प्रेमाविषयी किंवा परीक्षेच्या निकालाविषयी लिहू लागला की, तो 'आपल्या मुळांपासून तुटला' असा शेरा बसतो. अस्सलपणाची ही मागणीच अस्सलपणाला मारक ठरते. कारण कवी मग स्वतःच्या अनुभवाशी इमान राखावयाचे सोडून वाचकाच्या कल्पनेतील आदिवासीशी इमान राखू लागतो. १९८० च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी देशीवादाचा पुरस्कार केला तो पाश्चात्त्य अनुकरणाच्या दडपणाविरुद्ध, आणि त्याची आवश्यकता होती. तथापि 'देशी' म्हणजे काय हे जेव्हा कवीऐवजी समीक्षक ठरवू लागतो, तेव्हा तोही सिद्धांत परधानाला दाराबाहेर उभा करील, ही भीती निराधार नाही. केनियाच्या न्गूगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून गिकुयूत लिहिण्याचा निर्णय घेतला आणि १९८६ मध्ये त्याची ग्रंथरूप मीमांसा केली. त्या निर्णयाचे मोल तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता यात आहे. तोच निर्णय आज्ञा म्हणून दुसऱ्या लेखकावर लादला तर त्याचे मोल उरणार नाही.

८

हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय व्यवहाराला सर्वांत जवळचा आहे. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या महाविद्यालयांतील पदव्युत्तर वर्गांत गोंडी, माडिया व कोलामी घरांतून आलेले विद्यार्थी बसतात. त्यांच्यापैकी कोणी आपल्या आजीच्या गाण्यांवर प्रबंधिका लिहावयास घेतो, तेव्हा आपण त्याच्या हाती काय देतो? 'प्रस्तावना, व्याप्ती, उद्दिष्टे, निष्कर्ष' हा आराखडा आणि 'लोकश्रद्धा', 'आदिम मन', 'निसर्गसान्निध्य' ही तयार शब्दावली. आजीला त्या गाण्यात जे गंभीर वाटत होते, ते या शब्दांत मावत नाही हे त्याला जाणवते. परंतु गुण या शब्दांना आहेत. आत्मनिष्ठेवर व्याख्यान देणारा विभागच आत्मनिष्ठेची किंमत वसूल करीत असतो.

यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याने पारिभाषिक मराठी सोडून द्यावी, असे मी सुचविणार नाही. तो नवा राष्ट्रीय उद्यानवाद होईल. ती परिभाषा त्याच्या हक्काची आहे. ती त्याने पूर्णपणे हस्तगत करावी. परंतु ती नाकारण्याचा, वाकविण्याचा, तिच्यात गोंडी संज्ञा जशीच्या तशी ठेवून देण्याचा अधिकारही त्याला मिळाला पाहिजे. 'पेन' या शब्दाचे 'देव' असे भाषांतर करावयाचे की नाही, हा निर्णय त्याचा असावा आणि त्या निर्णयाची कारणे देण्याची जबाबदारीही त्याची असावी. मार्गदर्शकाने त्या कारणांची कठोर परीक्षा करावी. निर्णय मात्र हिरावून घेऊ नये.

बाह्य दडपणापासून मुक्ती म्हणजे बाह्य असे काहीच न उरणे नव्हे. तशी अवस्था कोणत्याही माणसाच्या किंवा भाषेच्या वाट्याला आलेली नाही. जे बाहेरून आले त्यातील काय ठेवावयाचे, काय परत करावयाचे, आणि कोणासमोर त्याचा जाब द्यावयाचा, हे स्वतः ठरविता येणे म्हणजे मुक्ती. राजुऱ्याने उर्दू अमलात असताना मराठीसाठी हाच अधिकार मागितला होता. तो मागताना जी कारणे दिली, ती सर्वच्या सर्व आज गोंडी व कोलामी भाषिकांच्या बाजूने लागू पडतात. ती कारणे आम्हाला मान्य असतील, तर त्यांची अंमलबजावणी आमच्याच अभ्यासक्रमापासून व आमच्याच परीक्षणपद्धतीपासून सुरू झाली पाहिजे.